जुनी जीप परवडते केव्हा?

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीच्या परिसरात, पावसाळ्यात वैद्यकीय सेवा देताना रोगाइतकाच रस्त्याचाही विचार करावा लागतो. मुख्य रस्ता सोडून वस्तीकडे वळले, की डांबर संपते आणि तांबडा चिखल सुरू होतो. अशा भागात नियमित फेऱ्या करणाऱ्या डॉक्टरांपुढे प्रश्न उभा राहतो: पंधरा वर्षे साथ दिलेली फोर-व्हील ड्राइव्ह जीप ठेवावी, की विकून नवी घ्यावी?

बहुतेक जण याचे उत्तर ॲव्हरेजवरून देतात. हिशेब मांडून पाहू. महिन्याला १,००० किलोमीटर धावणारी जुनी गाडी लिटरला १० आणि नवी १४ किलोमीटर जाते असे समजू; डिझेलचा दर सोयीसाठी ९० रुपये धरू. जुन्या गाडीचा जादा खर्च महिन्याला सुमारे २,५७० रुपये, म्हणजे वर्षाला जवळजवळ ३१,००० रुपये होतो. उलट नव्या गाडीसाठी १० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढल्यास एकूण व्याज सुमारे २ लाख ४५ हजार, म्हणजे वर्षाला सरासरी ४९,००० रुपये पडते. गाडीची घटणारी किंमत निराळीच. तेव्हा केवळ डिझेलसाठी जुनी गाडी विकणे शहाणपणाचे नाही.

सरकारी खर्चही पाहावा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आले. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता मात्र वयावर नव्हे, इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. १,५०० सीसीवरील खाजगी मोटारीसाठी जून २०२२ मध्ये तो वार्षिक ७,८९७ रुपये ठरला. जुन्या जीपला येथे सवलत नाही.

खरा फरक पडतो तो देखभालीत. साध्या गाडीपेक्षा येथे ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट हे भाग अधिक असतात. पाण्यातून गेल्यावर डिफरन्शियलचे तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले असे समजून ते तत्काळ बदलावे. क्रॉस-जॉइंटला वेळेवर ग्रीस द्यावे. चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावेत. जुन्या जीपमध्ये बहुधा मधला डिफरन्शियल नसतो. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून चालविल्यास सर्व यंत्रणेवर ताण येतो. शिवाय चारही चाकांची ओढ चिखलातून बाहेर काढते, पण ब्रेकची ताकद वाढवीत नाही आणि पुराच्या पाण्यातून वाटही काढून देत नाही.

म्हणून निर्णयासाठी एक वही पुरेशी आहे. प्रत्येक दुरुस्तीची तारीख, रक्कम, किलोमीटर आणि गाडी गॅरेजमध्ये किती दिवस राहिली हे तीत लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. मे महिन्यात चार दिवस बंद असलेली गाडी गैरसोय करते. जुलैमध्ये तेच चार दिवस एखाद्या बाळंतिणीला महाग पडू शकतात. क्लच, ब्रेक, रबरी नळ्या आणि बॅटरी यांची तपासणी म्हणून पावसाआधीच व्हावी. डिझेलमागे वाचणाऱ्या नव्हे, तर हप्त्यामागे वाचणाऱ्या पैशांतून दरमहा ठरावीक रक्कम त्यासाठी बाजूला ठेवावी.

जादा डिझेल आणि दुरुस्ती यांची वार्षिक बेरीज नव्या गाडीच्या व्याज व मूल्यघटीपेक्षा कमी आहे, सुटे भाग बेळगावात मिळतात आणि चासी गंजलेली नाही, तोवर जुनी जीप खुशाल ठेवावी. चासीला गंज लागला किंवा ऐन पावसात ती दोनदा वाटेत थांबली, की आकडे काहीही सांगोत, तिला निरोप द्यावा. रुग्णाकडे वेळेवर पोहोचणे हेच तिचे काम. ते होत नसेल, तर फुकट मिळालेली गाडीही महागच.