०४/०३ : चार मार्च की तीन एप्रिल?

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एखाद्या लघुउद्योजकाची कल्पना करा. त्याने माल पोहोचविला, तो त्याच दिवशी स्वीकारला गेला, आणि बिजकावर दिनांक पडला ०४/०३/२०२४. खरेदीदार कंपनीच्या संगणकाची मांडणी मात्र अमेरिकी पद्धतीची, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस. त्याने हा दिनांक निमूटपणे ३ एप्रिल असा नोंदवून घेतला. लघुउद्योगाचे देणे, करार काहीही असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम सांगतो. ही मुदत १८ एप्रिलला संपावयाची, ती संगणकाच्या लेखी १८ मेपर्यंत लांबली. शिवाय बीजक एका आर्थिक वर्षातून उठून दुसऱ्यात जाऊन बसले! कामगारांचे वेतन आणि कर्जाचा हप्ता काही महिनाभर थांबत नाहीत. आणि येथे कोणी कोणाला फसविलेलेही नाही.

अशी चूक पकडणे कठीण असते, कारण ती तक्रार करीत नाही. २५/०३ हा दिनांक अमेरिकी मांडणीला पटत नाही. पंचविसावा महिना कोठून आणणार? पण वर्षातले १३२ दिवस असे आहेत की, दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली तरी दुसरा एक खराखुरा दिनांकच तयार होतो. एक्सेलमध्ये फाइल उघडताच अशा नोंदी बदलतात आणि उरलेल्या साधा मजकूर म्हणून तशाच राहतात. अर्धवट बिघडलेली फाइल पूर्ण बिघडलेल्या फाइलपेक्षा अधिक घातक, असे आमचे मत आहे.

बंगळुरूला दिनांकांचे हे दुखणे नवे नाही. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये याच शहरात आली. गेल्या शतकाच्या अखेरीस येथील संगणकतज्ज्ञांनी परदेशी कंपन्यांच्या जुन्या प्रणाली धुंडाळून दोन अंकी वर्षे चार अंकी केली. शतकाचा घोळ मिटला, दिवस-महिन्याचा मात्र उरला.

वास्तविक यावरचा तोडगा १९८८ पासून उपलब्ध आहे. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस लिहावयाचा : २०२४-०३-०४. असे दिनांक मजकूर म्हणून लावले तरी कालक्रमानेच लागतात. २०१३ मध्ये सुरू झालेली रिझर्व्ह बँकेची नवी आरटीजीएस प्रणाली ज्या आयएसओ २००२२ संदेशांवर चालते, त्यांतही हीच मांडणी आहे. स्विफ्टच्या जुन्या संदेशांत मात्र मूल्यदिनांक २४०३०४ असा सहा अंकी येई. अनभिज्ञाने तो २४ मार्च २००४ असा वाचला, तर त्याला दोष कसा द्यावा?

धनादेशावर दिवस, महिना, वर्ष यांच्या चौकटी छापलेल्या असल्याने तेथे हा प्रश्न येत नाही. गंमत अशी की, हिंदीत राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे शक दिनांक घातलेला धनादेशही रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार ग्राह्य आहे. तेथे कर्मचारी इंग्रजी दिनांक काढून धनादेश शिळा झाला नाही ना, हे पाहू शकतो. संगणकाला शंका येत नाही, म्हणून ती आपणच आधी घ्यावी लागते.

तेव्हा वेतनाची वा देयकांची फाइल पाठविण्यापूर्वी दिनांकाची मांडणी समोरच्या पक्षाकडून लेखी घ्यावी. एक्सेलमध्ये फाइल थेट न उघडता, आयात करताना दिनांकाचा स्तंभ ‘मजकूर’ म्हणून निवडावा. कागदी बिजकावर महिना अक्षरांत लिहावा. आणि पहिली चाचणी ५ किंवा ७ तारखेच्या नोंदीवर कधीच करू नये. २५ तारखेची एक नोंद घालून पाहावी. मांडणी उलटी असेल तर ती नोंद तत्काळ अडेल.