बडोद्याचा रुपया आणि गुणांची शर्यत

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत बडोदे संस्थानाच्या टांकसाळीत यंत्रावर पाडलेला चांदीचा रुपया हे मराठी मुलखाबाहेरील मराठी सत्तेचे एक देखणे स्मारक आहे. एका बाजूला महाराजांची छबी व नागरी लिपीतील नाव. दुसऱ्या बाजूला वर्तुळाकार वेलीच्या आत ‘एक रुपया’ ही अक्षरे, तलवार आणि विक्रम संवताचे वर्ष. संवत १९४८ म्हणजे इसवी सन १८९१-९२. विसावे शतक उजाडताच संस्थानाने ब्रिटिश चलन स्वीकारले आणि हा रुपया बाजारातून उठून संग्राहकांच्या पेटीत गेला.

आज त्याचे मोल केवळ चांदीच्या वजनावर ठरत नाही. अमेरिकेतील पीसीजीएस (स्थापना १९८६) आणि एनजीसी (स्थापना १९८७) या दोन कंपन्या नाणे अस्सल आहे का, किती झिजले आहे, पृष्ठभाग मूळचा आहे का, हे तपासून त्याला १ ते ७० पर्यंतचा अंक देतात व पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ते कायमचे बंद करतात. ही श्रेणी मुळात विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी योजली होती. पुढे ती जगभरच्या नाण्यांना लागू झाली.

या अंकांवरच ‘सेट रजिस्ट्री’ नावाची स्पर्धा उभी आहे. एखाद्या मालिकेत कोणकोणती नाणी हवीत याची यादी कंपनी ठरवते. संग्राहक आपल्याकडील नाणी त्या यादीत नोंदवतो, दुर्मीळतेनुसार व श्रेणीनुसार गुण मिळतात आणि क्रमवारी सर्वांना दिसते. पीसीजीएसच्या नोंदणीत केवळ तिनेच तपासलेली नाणी चालतात. स्पर्धा चुरशीची झाली की डबीबंद नाण्यांची मागणी वाढते, हे वेगळे सांगायला नको. पंचच दुकानदार असावा, तसा हा प्रकार आहे.

खरी मेख वरच्या पायऱ्यांवर आहे. समजा, एखाद्या वर्षाची ६३ अंकांची पन्नास नाणी नोंदली गेली आहेत, ६५ अंकांची चार आणि ६६ चे एकच. नुसत्या डोळ्यांना ६५ आणि ६६ मधला फरक सहसा कळत नाही. किमतीत मात्र तो अनेक पटींचा असू शकतो. ते एकमेव नाणे ज्याला परवडेल, त्याचाच पहिला क्रमांक निश्चित होतो. काही जण तर डबी फोडून तेच नाणे पुन्हा तपासणीला पाठवतात. परीक्षकाने अर्धा कण उदार व्हावे, एवढीच आशा. अशा फेऱ्यांची फी प्रत्येकाच्या खिशाला झेपत नाही.

धनिकांवर रोष धरण्याआधी इतिहास पाहावा. बाल्टिमोरचे बँकर लुईस एलियासबर्ग यांनी १९५० मध्ये अमेरिकी नाण्यांचा त्या काळी पूर्ण मानला गेलेला संग्रह सिद्ध केला, म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. पण त्यांनीही १९४२ मध्ये क्लॅप घराण्याचा तयार संग्रह एकगठ्ठा विकत घेतला होता. अलीकडे युटा राज्यातील उद्योजक डेल लॉय हॅन्सन यांनी त्याच विक्रमाचा पाठलाग केला आणि नोंदणीतील कित्येक अव्वल स्थाने पटकावली. वर्षानुवर्षे एकेक नाणे जमवणारा शिक्षक किंवा कारकून अशा पाहुण्याच्या आगमनाने एका रात्रीत खाली घसरतो. त्याने काही गमावलेले नसते, तरी खेळातली गंमत जाते.

यावर उपाय निघाले आहेत. पीसीजीएसच्या ‘एव्हरीमन’ गटात ५८ पेक्षा वरची श्रेणी चालत नाही. ‘लो बॉल’ गटात तर गंगा उलटी वाहते: जितके झिजलेले नाणे, तितके वरचे स्थान. एनजीसीकडे छायाचित्रे, टिपणे आणि मांडणी यांच्या बळावर उभे राहणारे संच आहेत व त्यांना वार्षिक पुरस्कारही मिळतात. हा शेवटचा मार्ग अधिक न्याय्य म्हणावा लागेल, कारण तेथे पैशापेक्षा अभ्यास बोलतो.

मात्र बडोद्याच्या संग्राहकाची अडचण पैशापुरती नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे ‘पुरावशेष’ ठरते आणि ते देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेलाच आहे. सयाजीरावांचा रुपया ही मर्यादा केव्हाच ओलांडून बसला. म्हणजे बडोद्यातला मालक तो तपासणीसाठी फ्लोरिडाला किंवा कॅलिफोर्नियाला धाडू शकत नाही. तोच रुपया पूर्वीच लंडनला पोहोचला असेल, तर तिथल्या मालकाला ही आडकाठी नाही. परीक्षक भारतात आले तरच दार उघडते. गोव्यातही हेच लागू पडते. दों लुईश यांची छबी असलेला १८८१ चा रुपिया पणजीतून बाहेर पाठवता येत नाही, लिस्बनमधून येतो. कायदा चुकीचा नाही. वारसा देशातच राहावा हा त्याचा हेतू रास्तच आहे. पण ज्या गावाचे नाणे, त्याच गावाचा माणूस शर्यतीच्या बाहेर राहतो, हेही तितकेच खरे.

ज्या सयाजीरावांच्या छबीवरून ही धावपळ चालते, ते स्वतः मोठे संग्राहक होते. जगभरातून जमवलेल्या वस्तू त्यांनी वाड्यात कोंडल्या नाहीत. बडोद्याच्या संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली आणि त्या वस्तू रयतेला पाहता आल्या. तेथे पाहणाऱ्याला क्रमांक कोणी विचारत नाही.

घरी जुना रुपया असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिंच, राख किंवा पितळेच्या पावडरीने नाणे घासू नये. घासलेल्या नाण्याला परीक्षक अंक देत नाहीत, फक्त ‘अस्सल, पण साफ केलेले’ असा शेरा मारतात. गळ्यात घालण्यासाठी डाग देऊन कडी बसवलेल्या रुपयाचीही तीच गत होते, मग ती कडी पणजीने कितीही हौसेने बसवून घेतलेली असो.