गंगेचा गडू आणि आमचे सीमोल्लंघन

आज विजयादशमी. शस्त्रे, पोथ्या व वाहने यांचे पूजन करून गावाची सीमा ओलांडण्याचा हा मंगल दिवस. २०२४ च्या विजयादशमीस आम्ही पैठणहून जे सीमोल्लंघन केले, त्याची कथा वाचकांच्या चरणी सादर करीत आहो.

काशीचे गंगाजल रामेश्वरास अर्पण करावे, ही महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली परंपरा. ती पुरी करण्याचे फार वर्षे मनात होते. चिरंजीवांनी मोटारसायकलींचा प्रस्ताव मांडला तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. वाहनाने गेल्यास यात्रेचे फळ उणावते, असे धर्मनिबंधकार सांगतात. परंतु पायी जाण्याचे बळ उरले नव्हते आणि संकल्प सुटत नव्हता. अखेर तीन बुलेट गाड्यांना झेंडूच्या माळा चढल्या. एकीवर चिरंजीव व आम्ही, दुसरीवर सूनबाई व मागे आमच्या सौभाग्यवती, तिसरीवर कीर्तनात पेटीची साथ करणारे आमचे स्नेही व त्यांचे पुत्र.

काशीस गंगास्नान व विश्वेश्वराचे दर्शन झाले. तांब्याचा गडू भरून त्याचे तोंड झाळून बंद केले व दक्षिणेची वाट धरली. स्नानसमयी आपण नित्य सप्तनद्यांना पाचारण करतो. परंतु भरतखंडाच्या देहावर त्या कशा पसरल्या आहेत, हे या वाटेवर कळले. जबलपूरजवळ तिलवारा घाटाशी नर्मदा आली. पेंचचे अरण्य व नागपूर मागे टाकून निर्मल ओलांडल्यावर गोदावरी भेटली. पैठणच्या घाटाला स्पर्शून आलेली ती माउली परमुलखात पाहताच सौभाग्यवतींचे डोळे भरून आले. पुढे बीचुपल्लीस कृष्णा, कर्नूलला तुंगभद्रा. प्रत्येक पुलाशी गाड्या थांबवून आम्ही हात जोडीत असू.

मुरारराव घोरपड्यांच्या गुत्तीचा किल्ला दूर दिसू लागला होता. भर दुपार. रस्त्याच्या कडेला एक वृद्ध मेंढपाळ भोवळ येऊन पडलेला, भोवती मेंढरे. तो ओठांकडे बोट नेऊन पाणी मागत होता. आमच्या बाटल्या केव्हाच रित्या झाल्या होत्या. चिरंजीव पाण्यासाठी पुढच्या गावाकडे सुटले. सूनबाईंनी आमच्या हातातील गडूकडे पाहिले व विचारले, “मामंजी, हा फोडू का?”

वाचकहो, असत्य कशास सांगावे? आम्ही गप्प राहिलो. श्रीएकनाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तृषार्त गाढवाच्या मुखी रिती केली, हे आख्यान आम्ही चाळीस वर्षे लावले. नाथांच्याच गावात राहून लावले. परंतु प्रसंग पुढे ठाकला तेव्हा आमची बोटे गडूवर अधिकच घट्ट झाली.

“अहो, द्या तो इकडे,” एवढेच म्हणून सौभाग्यवतींनी गडू आमच्या हातून घेतला. सूनबाईंनी पेचकसाने झाळ फोडली. म्हाताऱ्याने घोट घोट पाणी घेतले; उरलेल्याने त्याचे मस्तक भिजविले. चिरंजीव परतले तेव्हा तो उठून बसला होता व आपली मेंढरे मोजीत होता.

पुढे कावेरी ओलांडली, मदुरेस मीनाक्षीचे दर्शन घेतले. १९८८ साली खुल्या झालेल्या पांबनच्या रस्तापुलावरून दोन्हीकडचा समुद्र पाहत रामेश्वरी पोहोचलो. अर्पण करावयास हाती काही नव्हते. मंदिरातील बावीस तीर्थांचे स्नान सुरू झाले. त्यांतील एका विहिरीचे नावच गंगातीर्थ. तेथील बादली मस्तकी रिती झाली, तेव्हा आमच्या तोंडून शब्द फुटेना. काशीची गंगा आम्ही पोहोचवू शकलो नाही. ती तेथे आधीच येऊन बसली होती.

यात्रेचे फळ उणावले की नाही, ते रामेश्वर जाणे. तो रिकामा गडू आज पूजेत पोथ्यांशेजारी ठेविला आहे. नाथांचे ते आख्यान आम्ही आजही लावतो. मात्र आधी आमच्या घट्ट झालेल्या बोटांची हकीकत सांगतो, मग नाथांच्या कावडीकडे वळतो.