वाटीभर उसनी साखर

परवा अकरावीतल्या नातीने वही पुढे सरकवत विचारलं, ‘‘आबा, सिंपथी आणि एम्पथी यांत फरक काय?’’

‘‘सिंपथी म्हणजे सहानुभूती,’’ एवढं झटकन सांगितलं आणि दुसऱ्या शब्दापाशी अडलो. मग शब्दकोश काढला.

सिंपथी इंग्रजीत जुना. मूळ ग्रीक; ‘सोबत’ आणि ‘वेदना’ यांची ती जोडी. एम्पथी त्या मानाने कालपरवाचा. ‘आइनफ्यूलुंग’, म्हणजे आत शिरून अनुभवणं, या जर्मन शब्दासाठी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी १९०९ साली तो घडवला. गंमत म्हणजे, आपल्या सहानुभूतीची फोड केली तर तिचाही अर्थ बरोबरीने अनुभवणं असाच निघतो. पण वापरून वापरून हा शब्द इतका गुळगुळीत झाला, की एम्पथीसाठी आपल्याला ‘समानुभूती’ शोधावा लागला.

नातीचं समाधान होईना. मग तिला लालबागच्या आमच्या चाळीतली गोष्ट सांगितली.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. शेजारच्या खोलीतला माझा मित्र गिरणीत होता, मी बँकेत. महिन्यामागून महिने गेले. वहिनींच्या हातातल्या बांगड्या दिसेनाशा झाल्या. एका संध्याकाळी मी त्याच्या खिशात शंभराची नोट कोंबली. म्हणालो, ‘‘ठेव रे, मला कळतंय तुझं.’’

त्याने नोट परत केली. ‘‘तुझा पगार एक तारखेला होतो. तुला काय कळणार?’’ त्यानंतर तो माझी नजर चुकवू लागला.

आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन ती त्यांच्या दारात उभी राहिली. ‘‘अगं, वाटीभर साखर देतेस का? आमची संपली.’’ आमचा डबा भरलेला होता, हे मला ठाऊक होतं. दोन दिवसांनी तिने साखर परत केली ती पातेलंभर, वर तांदूळही. ‘‘उसनं फेडताना वाढवून द्यावं, अशी आमच्याकडची रीत आहे,’’ म्हणाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा वाटी. वहिनींना काय ते कळलं असणारच. पण दार उघडताना त्यांची मान ताठ असायची, कारण मागायला आम्ही जात होतो.

मलाही वाईट वाटत होतं, ते खोटं नव्हतं. पण मी आमच्या दारातून त्यांच्याकडे पाहिलं. आईने त्यांच्या उंबऱ्याच्या आत उभं राहून आमच्याकडे पाहिलं. आणि ‘मला कळतंय’ असं ती एकदाही म्हणाली नाही.

नातीने लिहिता लिहिता मान वर केली. ‘‘मग तो मित्र तुमच्याशी पुन्हा बोलला?’’

‘‘बोलला ना. पण त्याआधी मला त्याच्या दारात जाऊन म्हणावं लागलं, आमचा स्टोव्ह बिघडलाय, जरा बघतोस का?’’