तळ्याच्या गाळातून निघालेली विमाने

कांजूरमार्ग स्टेशनच्या पूर्वेला मिठागरांची जमीन, तर पश्चिमेला थोड्या अंतरावर १८९१ साली बांधून झालेला पवई तलाव. एका बाजूला खारे पाणी, दुसऱ्या बाजूला गोडे. मिठागरात राबलेल्या माणसाला विचारा, पत्र्याचे घमेले खाऱ्या पाण्यात किती दिवस टिकते ते. मीठ धातू खाते. गोड्या आणि थंड पाण्यात, वरून गाळ बसून हवा तुटली की तोच धातू पन्नास पन्नास वर्षे तग धरतो. दुसऱ्या महायुद्धात बुडालेली काही विमाने तळ्यांतून बऱ्याच धड अवस्थेत निघाली, ती यामुळेच.

शेतकरी बंधू म्हणतील, आपला विमानाशी काय संबंध? पण २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत ठिकठिकाणी तलाव उकरून गाळ शेतात नेला जातो. जुन्या पाण्याच्या तळाशी काय दडते आणि ते वर कसे काढावे, हे या विमानांवरून चांगले कळते.

हॅलिफॅक्स हे इंग्रजांचे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान. पंखांची लांबी सुमारे ३० मीटर, रिकामे वजनच सोळा-सतरा टन. अशी ६१७६ विमाने बांधली गेली आणि युद्ध संपल्यावर बहुतेक सगळी भंगारात निघाली. एप्रिल १९४२ मध्ये एक हॅलिफॅक्स नॉर्वेतल्या टिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करायला गेले. त्याला तोफांचा मार बसला. वैमानिकाने ते होक्लिंगेन नावाच्या गोठलेल्या तळ्यावर, बर्फावरच उतरवले. एकाचा घोटा मोडला, तो जर्मनांच्या हाती लागला. बाकीचे चालत स्वीडनमध्ये पोचले. पुढे बर्फ खचले आणि विमान सुमारे ९० फूट खाली गेले. १९७३ साली पाणबुड्यांनी ते वर काढले. आज ते लंडनजवळ हेंडनच्या संग्रहालयात आहे, रंगरंगोटी न करता, जसे निघाले जवळपास तसेच. मला हे पटते. काही वस्तूंची डागडुजी केली की त्यांचे बोलणे बंद होते.

आता काढण्याची रीत बघा. पाण्याखालची वस्तू उचलायला पिंपे किंवा रबरी पिशव्या बांधून त्यांत हवा भरतात. दोनशे लिटरचे पिंप हवेने भरले की, त्याचे स्वतःचे वजन वजा जाता, दोनशे किलोच्या आतबाहेर भार उचलते. हिशेब सोपा वाटतो, पण खोडी पुढे आहे. दहा मीटर खोलीवर दाब वरच्या दुप्पट असतो. पिशवी वर येऊ लागली की दाब कमी होतो, आतली हवा फुगते, उचल वाढते आणि पिशवी आणखी वेगाने वर पळते. जादा हवा सोडायची सोय नसेल तर विमान बाणासारखे वर येऊन मोडते. दुसरी अडचण चिखलाची. रुतलेल्या बैलाचा पाय सरळ ओढला तर निघत नाही, बाजूने हलवून खाली पाणी शिरू दिले की सुटतो. तेच इथे. पाण्याच्या फवाऱ्याने बुडाखालचा गाळ मोकळा केल्याशिवाय ओढायचे नाही. आणि तिसरी गोष्ट जुन्या मंडळींना सांगायला नको : मोट पाण्यात असेपर्यंत हलकी, पाण्याबाहेर आली की जड. विमानाच्या पोटातले पाणी सावकाश निथळू दिले नाही तर त्याच भाराने ते दुभंगते.

दुसरे हॅलिफॅक्स एप्रिल १९४५ चे. नॉर्वेतल्या प्रतिकार करणाऱ्या लोकांसाठी सामान टाकून परतताना ते पाडले गेले आणि म्योसा सरोवरात उतरले. सहापैकी पाच जण गेले, शेपटीकडचा तोफची तेवढा वाचला. विमान होते २२५ मीटर खोल. तिथे साध्या पाणबुड्याचे काम नाही. वरून चालवायच्या यंत्राने दोर बांधून १९९५ साली ते उचलले आणि कॅनडात ट्रेंटनला नेले. दहा वर्षे खपून ते पुन्हा उभे केले. वर आलेला धातू हवा लागताच झपाट्याने गंजू लागतो, म्हणून काढल्या काढल्या गोड्या पाण्याने धुवायचा. पुरात बुडालेल्या मोटारीलाही हेच लागू. चिखल वाळू देऊ नये, आणि पूर्ण सुकून तपासल्याशिवाय बटण दाबू नये.

दुरुस्तीसाठी सुटे भाग हवे होते. ते मिळाले तिसऱ्या हॅलिफॅक्समधून. मे १९४४ मध्ये ते बेल्जियममध्ये डेंडर नदीकाठच्या दलदलीत घुसले होते. आठजणांपैकी पाचांचे देह तेव्हाच मिळाले, तिघे चिखलातच राहिले. १९९७ साली खणले तेव्हा ते तिघेही विमानात सापडले. म्हणजे ज्याला लोक पडीक दलदल समजत होते, ती त्रेपन्न वर्षे कबर होती.

आपल्याकडे गाळ काढताना बकेटला अनोळखी लोखंड लागले, तर यंत्र तिथेच थांबवावे. ओढू नये, ठोकू नये, भंगारवाल्याला तर मुळीच बोलावू नये. जुना तोफगोळा पाण्यात भिजला म्हणून मेलेला नसतो. पोलीस पाटलांमार्फत ठाण्यात कळवावे, बॉम्ब शोधक व नाशक पथक येईपर्यंत माणसे-जनावरे दूर ठेवावीत. हाडे दिसली तरी पोलिसांनाच आधी सांगावे. जुनी नाणी, दागिने असे काही निघाले तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ट्रॅक्टर थांबल्याने दिवसाचे भाडे बुडते, हे खरे. पण सरपंचांनी काम सुरू होण्याआधीच चालकांना हे समजावून ठेवले तर वेळेवर वाद होत नाही.

दलदलीतल्या त्या तिघांना १९९७ मध्येच लष्करी मानाने गेरार्ड्सबर्गन गावच्या दफनभूमीत पुरले. त्यांच्या विमानाचे उरलेले ॲल्युमिनियम वितळवून जपून ठेवले होते. २०१२ साली लंडनमध्ये बॉम्बफेकी विमानांवरच्या सैनिकांचे स्मारक उभे राहिले, त्याच्या छतासाठी ते वापरले.