नवी किडनी, जुनी पिशवी

डायलिसिसवर काही वर्षे गेली की अनेकांची लघवी कमी होत जाते, काहींची पूर्ण थांबते. मग मूत्राशय, म्हणजे लघवीची पिशवी, रिकामीच पडून राहते. एरवी ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावणारी ही पिशवी वापराविना आकसते; कधी १०० मिलिलिटरही धरत नाही.

प्रत्यारोपणात नवी किडनी ओटीपोटात बसवतात. तिची मूत्रवाहिनी, म्हणजे लघवी खाली आणणारी नळी, याच आकसलेल्या पिशवीला जोडतात. जोड भरून येईपर्यंत त्यात स्टेंट ही बारीक पोकळ नळी असते आणि पिशवीत कॅथेटर.

सुरुवातीचा धोका या जोडाचा. मूत्रवाहिनीच्या टोकाला रक्तपुरवठा मुळातच तोकडा, त्यामुळे जोड कधी गळतो. कॅथेटरमधली लघवी अचानक घटली आणि जखमेतून पाणी येऊ लागले, तर लगेच नर्सला सांगावे.

कॅथेटर निघाला की खरी धावपळ. किडनी दिवसाला तीन-चार लिटर लघवी करते आणि पिशवी एवढीशी! रात्रीही सारखे उठावे लागते. हे बहुतेकांचे काही महिन्यांत सुधारते, कारण भरता-भरता पिशवी सैलावते. पण डायलिसिसमध्ये मोजून पाणी प्यायची सवय लागलेली. लघवीच्या फेऱ्या टाळायला आपण पुन्हा पाणी तोडतो. नव्या किडनीला तेच मारक. पाणी डॉक्टरांनी सांगितले तेवढे प्यावेच.

पन्नाशीपुढच्या पुरुषांची गोष्ट वेगळी. लघवीच होत नव्हती, तेव्हा वाढलेल्या प्रॉस्टेटचा त्रास कळणार कसा? धार बारीक येत असेल, ओटीपोट तट्ट राहत असेल, तर ते पिशवी आकसल्यामुळे असेल असे समजून थांबू नये.

स्टेंट काही आठवड्यांनी दुर्बिणीतून काढतात. तो दिसत नाही, फारसा टोचत नाही, म्हणून राहून जातो. मग त्यावर खडे धरतात, जंतुसंसर्ग होतो. काढायची तारीख फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहावी.

पुढे महिन्यांनी, कधी वर्षांनी, मूत्रवाहिनी अरुंद होऊ शकते. नव्या किडनीचे मज्जातंतू शरीराशी जोडलेले नसतात, त्यामुळे लघवी तुंबून ती फुगली तरी सहसा दुखत नाही. रक्तातले क्रिएटिनिन वाढते, सोनोग्राफीत फुगवटा दिसतो. म्हणून बरे वाटत असतानाही तपासणी चुकवायची नाही.

जंतुसंसर्ग मात्र सर्वांत जास्त आढळतो. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे तापही कधी नीट चढत नाही. जळजळ, गढूळ लघवी, नव्या किडनीच्या जागी दुखणे, यांपैकी काही जाणवले तर त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये. काही अँटिबायोटिक्समुळे टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढते आणि त्याचा फटका किडनीलाच बसतो.