ॲप अडकलं तरी टूर्नामेंट अडकायला नको

"सर, कार्ड गेम्सच्या दुकानात शनिवारी टूर्नामेंट ठेवली तर धंदा वाढतो का?" हा प्रश्न मला नेहमी येतो. वाढतो. पण कुठे फसतो, ते माझ्याच एका शनिवारावरून सांगतो.

माझ्या दुकानात 'मॅजिक: द गॅदरिंग' खेळतात. रिचर्ड गारफिल्ड यांनी बनवलेला हा गेम १९९३ मध्ये आला. कार्डं हजारो, त्यामुळे नियमांचे प्रश्न रोज येणारच.

त्या दिवशी १६ खेळाडू होते, म्हणजे ४ राउंड. दुसऱ्या राउंडला एका कॉलेजच्या मुलानं हात वर केला. समोरच्यानं त्याच्या २/२ प्राण्यावर 'लाइटनिंग बोल्ट' टाकलं होतं, म्हणजे ३ डॅमेज. त्यावर यानं 'जायंट ग्रोथ' खेळलं, म्हणजे त्या टर्नपुरतं +३/+३. आता प्राणी जगला की मेला?

मी काउंटरवर बिल करत होतो. तिथूनच ओरडलो, "बोल्ट आधी खेळलंय ना? मग मेला!"

तो म्हणाला, "दादा, असं नाहीये ना?" पण माझं लक्ष गिऱ्हाइकाकडे. तो गेम हरला, मॅचही हरला.

रात्री नियम उघडून पाहिला. चूक माझी होती. डब्यातल्या पोळ्यांची चळत आठवा. शेवटी ठेवलेली पोळी आधी हातात येते. इथेही शेवटी खेळलेलं कार्ड आधी लागू होतं. आधी ग्रोथ लागू, प्राणी ५/५, मग ३ डॅमेजनं तो मरत नाही. हेच उलट झालं असतं, म्हणजे ग्रोथवर उत्तर म्हणून बोल्ट आलं असतं, तर प्राणी आधीच मेला असता. कार्डं तीच दोन, क्रम बदलला की निकाल बदलतो.

त्याच दिवशी तिसऱ्या राउंडला दुसरा घोळ. दुकानाचं वाय-फाय गेलं. अर्धे निकाल ॲपमध्ये गेले, अर्धे नाहीत. दोघांच्या फोनवर वेगवेगळं टेबल दिसत होतं. घरी गेलेल्या एकाचं नाव ॲपमधून काढायचं राहिलं, म्हणून एक जण रिकाम्या खुर्चीसमोर बसलेला. माझ्याकडे कागदावर काहीच नाही. पाऊण तास गेला.

पुढच्या शनिवारी तो मुलगा आला नाही, त्याचे तीन मित्रही नाहीत. मी फोन करून सरळ सांगितलं, "निकाल मी चुकीचा दिला, सॉरी." दोन आठवड्यांनी तो आला, दोन मित्रही आले. चौथा आजतागायत आलेला नाही.

तेव्हापासून या पाच गोष्टी पाळतो:

१. निकाल टेबलापाशी जाऊन द्यायचा. आधी दोघांचं पूर्ण ऐकायचं. कोण काय आधी खेळलं, हा पहिला प्रश्न.

२. आठवणीवर बोलायचं नाही, वाचून बोलायचं. जुन्या कार्डावरचा मजकूर नंतर बदललेला असू शकतो. कंपनीच्या अधिकृत डेटाबेसमधला मजकूर अंतिम. कार्ड आणि सर्वसाधारण नियम यांच्यात थेट विरोध असेल, तर कार्डाचं ऐकायचं.

३. वाचण्यात गेलेला वेळ त्या टेबलाला वाढवून द्यायचा. राउंड ५० मिनिटांचा असतो. आपल्यामुळे कुणाची मिनिटं जायला नकोत.

४. प्रत्येक मॅचची चिठ्ठी ठेवायची. दोघांची नावं, निकाल, दोघांच्या सह्या. ॲप चालू असलं तरीही!

५. जोड्या वहीत लावता यायला हव्यात. जिंकला तर ३ पॉइंट, बरोबरी १, हरला तर ०. सारखे पॉइंट असलेले समोरासमोर, पण तीच जोडी पुन्हा नाही. खेळाडू विषम असतील तर एकाला बाय, म्हणजे न खेळता विजयाचे ३ पॉइंट. राउंड संपला की आधी विचारायचं, "कोण निघतंय?" मगच पुढच्या जोड्या.

ॲप हेच करतं, फक्त पटकन. आपल्याला हिशोब येत असेल तर ॲप मदतनीस. येत नसेल तर ॲप मालक आणि आपण नोकर!

एक खर्चाचा हिशोबही करा. वही आणि चिठ्ठ्यांना शंभर-दीडशे रुपये. मला तो शनिवार एका कायमच्या गिऱ्हाइकाला पडला. पॅक तर त्याला ऑनलाइनही मिळतात, कधी आपल्यापेक्षा स्वस्त. तो आपल्याकडे येतो ते टेबलासाठी, सोबतीसाठी आणि इथे आपल्यावर अन्याय होणार नाही या भरवशासाठी.

तुमचं दुकान मोबाईल रिपेअरचं असो की केकचं, तक्रार येणारच. तेव्हा काउंटरवरून ओरडू नका. उठा, जवळ जा, वाचा आणि मग बोला. चुकलात तर त्याच दिवशी फोन करा. मी उशीर केला होता.